वास्तुशांतीला अमूर्त चित्र द्यायचं ठरवलंय?

दादरला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. डिसेंबर ते मे लग्नं आणि वास्तुशांतींचा हंगाम, आणि या दिवसांत चित्र बगलेत धरून येणारं गिऱ्हाईक वाढतं. चित्र चांगलं असतं, पण ज्याला द्यायचं त्याचा विचार केलेला नसतो. म्हणून फ्रेमपासून नाही, आधीपासून सांगतो.

पहिलं म्हणजे ज्यांना द्यायचं, त्यांना अमूर्त चित्र, म्हणजे ओळखीची आकृती नसलेलं, नुसत्या रंग-रेषा-आकारांचं चित्र झेपतं का ते बघा. मी तर म्हणेन, निमित्त काढून त्यांना काळा घोड्याला घेऊनच जा. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडं असतं. कुठल्या चित्रासमोर पाय रेंगाळतात ते गुपचूप लक्षात ठेवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका; विचारलं की माणसं ‘छान’ म्हणतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. समोरच एनजीएमए, म्हणजे सरकारी आधुनिक कलासंग्रहालय आहे, तिथेही जा. आणि एकाही चित्रासमोर ते थांबले नाहीत, तर सरळ समई घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

जहांगीरची प्रदर्शनं साधारण मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी संपतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दी आणि फोटो, शेवटच्या दुपारी बांधाबांध. बुधवार-गुरुवारी दुपारी गेलात तर चित्रकार स्वतः खुर्चीत बसलेला सापडतो आणि त्याला बोलायला वेळ असतो. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. किमतींची यादी टेबलावर असते, बिनधास्त मागा. आकडा ऐकून घाम फुटला तर घासाघीस करण्यापेक्षा विचारा, ‘कागदावरची लहान कामं आहेत का?’ भिंतीवर मोठे कॅनव्हास असले तरी टेबलाखालच्या पोर्टफोलिओत जलरंग, शाईची कामं पुष्कळदा असतात. भेटीसाठी हीच उत्तम. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. तिथली मुलं स्वतःच्या कामाबद्दल जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

‘याची किंमत पुढे वाढेल ना?’ हा प्रश्न मला हमखास येतो. जहांगीरपासून चालत जाता येईल अशा ताज हॉटेलात २०१३ साली लिलाव झाला आणि अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं. तेव्हापासून हा प्रश्न जरा जास्तच येतो. हेच गायतोंडे रोलर आणि सुरीने थरावर थर चढवत, खरवडत फार थोडी चित्रं करायचे आणि त्यांच्या हयातीत असे आकडे कुणी ऐकलेही नव्हते. भाचीच्या नव्या घरासाठी चित्र घेताना हा हिशोब बाजूला ठेवा. आवडलं म्हणून घ्या.

आकाराचं बघू. दोन खोल्यांच्या घरात सोफ्यावरची भिंत टीव्ही, देवघर आणि कपाट यांच्या वाटणीतून उरलेली असते. बारा बाय सोळा इंचाचं चित्र फ्रेमसकट कुठेही सामावतं, बेडरूममध्येही आणि दारासमोरच्या बोळातही. तीन बाय चार फुटी कॅनव्हास म्हणजे यजमानांवर भिंत मोकळी करायची सक्ती. रंगांचं एक: घरात वास्तुशास्त्र मानणारे असतील तर निव्वळ काळं चित्र टाळा. मला स्वतःला काळी चित्रं फार आवडतात, पण पूजेच्या दिवशी सासूबाईंचा चेहरा पडायला नको.

चित्र घेताना चित्रकाराकडून एका कागदावर नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार लिहून सही घ्या. बिलही घ्या. आणि हे विसरू नका: मागच्या बाजूला बाण काढून ‘वर’ असं लिहून घ्या. अमूर्त चित्र उलटं टांगलेली घरं मी पाहिली आहेत. सही मागे असली की कुणालाच कळत नाही. चित्र विकत घेतलं तरी वेगळं लिहून दिलेलं नसेल तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, त्यामुळे ते चित्र कॉफीच्या मगांवर छापायचे बेत करू नका.

आता माझं काम. कागदावरच्या चित्राला दोन-अडीच इंचांचा ॲसिड-फ्री माउंट लावा, म्हणजे चित्राभोवती आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट. स्वस्त माउंटमुळे काही वर्षांत कडेने तपकिरी रेघ उमटते. चित्र मागून पूर्ण चिकटवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला कागदी बिजागरी, म्हणजे चित्र धरून ठेवणारी कागदाची छोटी पट्टी पुरते. काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात दमटपणा धरून बुरशी येते. कॅनव्हासला काच नकोच. फ्रेमची पट्टी साधी, बारीक. सोनेरी नक्षीची पट्टी अमूर्त चित्राला मी लावत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून घ्या, म्हणजे भिंतीत आणि चित्रात हवा खेळते.

बांधताना आधी बटर पेपर, मग बबल रॅप. बबल रॅप थेट रंगावर टेकला तर उन्हाळ्यात टॅक्सीतल्या उकाड्याने ॲक्रिलिकवर गोलगोल ठसे उठू शकतात. सोबत दोन हूक आणि खिळे द्या. नव्या घरात ड्रिल मशीन कुणाकडे असतंच असं नाही, आणि चित्र सहा महिने कपाटामागे उभं राहतं.

सोबतच्या चिठ्ठीत चित्राचा अर्थ लिहू नका. कुठे घेतलं, कुणाचं आहे, चित्रकार त्याबद्दल काय म्हणाला तेवढं पुरे. घरातल्या आजी ‘हे काय काढलंय?’ विचारणारच, आणि त्याचं उत्तर घरच्यांनाच शोधू द्या. मात्र एक वाक्य जरूर लिहा: ‘बाहेरच्या, पाऊस लागणाऱ्या भिंतीवर लावू नका.’ फ्रेम केलेल्या दुकानाचा नंबरही लिहा. काच तडकली किंवा आत बुरशीचा ठिपका दिसला, तर चित्र घरी न उघडता दुकानात आणलेलं बरं.