जुन्या मिनी ट्रॅक्टरचे इंजिन मिसिंग मारत असेल तर

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या खाचरांत चिखलणीसाठी किंवा निपाणी-चिकोडीकडे उसाच्या भरणीसाठी वापरले जाणारे जुने डिझेल मिनी ट्रॅक्टर वर्षातील बरेच महिने छपरात उभे असतात, आणि हंगाम तोंडावर आला की त्यांचे इंजिन अडखळत, थरथरत चालू लागते. यालाच मिसिंग म्हणतात. अशा वेळी ‘पंप गेला’, म्हणजे दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप बिघडला, असे ठरवून पंप उतरवण्याची घाई होते. प्रत्यक्षात दोष बहुधा हवेच्या किंवा डिझेलच्या वाटेवर असतो. म्हणून पंपाला हात सर्वांत शेवटी लावावा.

इंजिन गरम झाल्यावर प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरचे टोक, म्हणजे नोझल, फवारा न करता धार सोडते आहे. पांढरा धूर हे न जळलेल्या डिझेलचे लक्षण असून थंड इंजिनातून तो थोडा वेळ आल्यास काळजी नसावी. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याचे सांगतो. तेथे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या दांड्याला धरणारे व्हॉल्व्ह गाईड झिजलेले असण्याचा संभव अधिक असतो आणि पुढील उपायांनी तो दोष जाणार नाही.

त्यानंतर एअर क्लीनर उघडावा. ऑइलचा क्लीनर असल्यास जाळी डिझेलने धुवावी, भांड्यातील गाळ काढून नवे ऑइल खुणेपर्यंतच भरावे. उभ्या ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, तेही तपासावे. एवढ्याशा मातीने इंजिनाचा दम कोंडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

खरा वेळ द्यावा तो डिझेलला. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर राहिली की आतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते, आणि खानापूर भागातील पाऊस पाहता हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नसते. सकाळी ट्रॅक्टर हलवण्यापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसेल. मग टाकी व गाळाची वाटी साफ करावी आणि फिल्टर नवा घालावा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवण्याची काटकसर पुढे नोझलच्या खर्चात निघते.

फिल्टर बदलला की एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढणे आलेच. फिल्टरवरील स्क्रू सैल करून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातदांडा बुडबुडे थांबेपर्यंत मारावा, नंतर हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करावे. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी आणि तांब्याची वॉशरे पाहावीत, कारण या ओढीच्या बाजूला डिझेलचा थेंबही बाहेर न गळता हवा आत शिरू शकते.

एवढ्यानेही इंजिन सुधारले नाही, तर कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधावे. इंजिन मंद गतीवर ठेवून, नटाभोवती फडके धरून, एकेका इंजेक्टर नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा व लगेच आवळावा. आवाज पडला तर तो सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही तर दोषी तोच. एकाच सिलिंडरच्या पॉवर टिलरवर ही कसोटी उपयोगाची नाही. चष्मा व हातमोजे घालूनच हे करावे आणि गळती बोटाने कधीही चाचपू नये. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसली तरी त्वरित रुग्णालय गाठावे लागते.

दोषी सिलिंडरचे नोझल काढून टेस्टरवर तपासून घ्यावे. परत बसवताना जुने वॉशर खोबणीत राहिलेले नाही याची खात्री करावी. नोझल ठीक निघाल्यास थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्ह व त्याला दाबणाऱ्या रॉकरमधील) फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, इंजिनाच्या पुस्तकातील मापाप्रमाणे बसवावी. फटच उरली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील हवेचा दाब, निसटते. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर, घ्यावा. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच काढून मग इंजिन सुरू करावे.

हे सारे निर्दोष ठरले तरच इंजेक्शन पंप उतरवावा, आणि बोल्ट सैल करण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवर व इंजिनावर मिळून एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परत बसवताना टायमिंग (डिझेल सोडण्याची नेमकी वेळ) चुकणार नाही.