गिनी पिगसाठी द्राक्षांचे खोके

पिंजऱ्यात गिनी पिग नुसते बसून राहतात? सांगलीत द्राक्षांच्या हंगामात फळवाल्याकडे पुठ्ठ्याचे रिकामे खोके मिळतात, ते आणा.

१. चिकटपट्टी आणि पिना काढा.
२. प्रत्येक खोक्याला समोरासमोर दोन दारं कापा. हे महत्त्वाचं आहे. एकच दार असलं, तर दोघांतला दांडगा दुसऱ्याला आत कोंडून धरतो, आमच्याकडे हेच झालं होतं.
३. फरशीवर चादर टाकून खोके मांडा, सुकं गवत भरा, त्यात ढबू मिरचीचे तुकडे लपवा. दोघं शोधत हुंदडतात!

काही खोक्यांत द्राक्षं टिकवणारा, सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद असतो. उग्र वासाचा खोका घेऊच नका. उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर. उकाडा त्यांना सोसत नाही.