जुनी हिमालयन ४११ कोकण किनाऱ्यासाठी तयार करताना

२०१६ ते २०२० मधली रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ सेकंडहँड बाजारात सहज मिळते. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची, ताकद २४.५ बीएचपी. गाडी घेतली की बहुतेक जण आधी क्रॅशगार्ड, फॉगलाइट आणि पत्र्याच्या पेट्या बसवतात. आमचा सल्ला उलटा आहे. पहिला पैसा बेअरिंग, वायरी, रबर आणि ब्रेकवर घाला. कोकणच्या रस्त्यावर गाडी अडते ती याच चार गोष्टींमुळे.

गाडी कोणती आहे ते आधी ओळखा. मार्च २०१७ पर्यंत विकली गेलेली बीएस३ गाडी कार्बोरेटरची, त्यानंतरची बीएस४ फ्युएल इंजेक्शनची (बीएस म्हणजे धुराचं सरकारी मानक). खालचं बहुतेक काम दोन्हींना सारखंच आहे. फरक आहे तो पेट्रोल आणि विजेच्या भागात.

कोनसेट

या गाडीचं दुखणं म्हटलं की आधी कोनसेटच, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा सेट, निघतो. तपासायला गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक जमिनीपासून उचला. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. टक् असा झोल जाणवला तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका बोटाने सावकाश डावी-उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडत असेल तर गोळ्यांनी रेसमध्ये, म्हणजे त्या ज्या कड्यावर फिरतात त्यात, खड्डे पाडले आहेत. असा कोनसेट कितीही आवळा, सुधारत नाही. उलट आवळल्यावर गाडी सरळ रस्त्यावरही डुलत चालते.

कारण साधं आहे. गोळ्यांचा भार रेसवर अगदी लहान ठिपक्यावर येतो, खड्ड्यातला प्रत्येक दणका तिथेच बसतो आणि आत ग्रीस कमी असतं. त्यात सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरचा फवारा थेट तिथे मारला की उरलंसुरलं ग्रीसही जातं. म्हणून बदलताना टेपर रोलरचा, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळत्या रुळांचा, सेट घाला. रोलर रेसला रेषेत टेकतो, त्यामुळे भार पसरतो.

जुने रेस आतून लांब छिन्नीने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोकत बाहेर काढा. नवे रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले तर थोडे आकसतात आणि सहज बसतात. ठोकायला जुना रेसच उलटा धरून वापरा, हातोडी थेट लावू नका. ठोक्याचा आवाज ठक्क असा भरीव झाला की रेस तळाला टेकला असं समजा. रोलरमध्ये पाण्याला टिकणारं ग्रीस तळहातावर घेऊन दाबून भरा. वरून बोटाने लावलेलं ग्रीस आत पोचत नाही. मग नट घट्ट आवळा, हँडल दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नट सोडा आणि झोल जाईल इतपतच पुन्हा आवळा. चाक हवेत असताना हँडल मध्यावरून जरा ढकललं की ते आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. अडलं तर जास्त आवळलंय. ५०० किलोमीटरनंतर हे पुन्हा तपासा, कारण नवे रेस तेवढ्यात थोडे बसतात.

मागच्या शॉकअपच्या लिंकेजची, म्हणजे त्याला चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंगही याच कामात उघडा. ती चाकाच्या चिखलातच राहतात आणि कोरडी पडली की शॉकअप कितीही चांगला असो, मागून गाडी दगडासारखी आदळते. पिनवर गंज धरला असेल तर पिन आणि बेअरिंग दोन्ही बदला. त्याच वेळी फ्रेम पुसून हेडस्टॉकच्या (कोनसेट बसतो त्या नळीच्या) जोडापाशी, शॉकअपच्या वरच्या माउंटपाशी आणि कॅरियरच्या बोल्टांपाशी उजेड पाडून बघा. रंगाखालून केसासारखी गंजाची रेघ निघालेली दिसली तर तिथे तडा असू शकतो. तो चांगल्या वेल्डरला दाखवल्याशिवाय गाडीवर सामान चढवू नका.

इंजिन: ऑइल आणि टॅपेट

ऑइल १५ डब्ल्यू ५०, जासो एमए दर्जाचं. गाडीच्या क्लचप्लेटा याच ऑइलमध्ये असतात, त्यामुळे कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो. इंजिन गरम असताना जुनं काढा, फिल्टर बदला आणि फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग नवी टाका. जुनी रिंग चपटी झालेली असते आणि तिथूनच झिरपतं. आधी पावणेदोन लिटर ओता, इंजिन एक मिनिट चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मेन स्टँडवर इंजिनावरच्या काचेतल्या दोन खुणांच्या मध्ये पातळी येईपर्यंत थोडंथोडं घाला. साईड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, स्क्रू आणि लॉकनटने लावायचे आहेत, त्यामुळे घरी जमतात. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी चालू करण्याआधी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले तर जागा बरोबर आहे. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, मॅन्युअलमधल्या आकड्याचं घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे आहेत, ते एक समजू नका. गेज हलक्या ओढीने सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

बरेच मेकॅनिक टॅपेटचा आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळून देतात आणि मालक खूष होतो. पण गॅप राहिली नाही की गरम इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याच्या कडा जळतात, आणि घाटात गरम झालेली गाडी बंद केल्यावर पुन्हा लवकर चालू होत नाही. या इंजिनाची हलकी टिकटिक राहू द्या.

पेट्रोल आणि वीज

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून टाकीपासूनची सगळी पेट्रोल नळी बदला आणि नव्या क्लिप लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या टाकीत ओली हवा राहते आणि आतून गंज धरतो.

बीएस३ मध्ये सकाळी चालू न होणं, आयडलिंगला बंद पडणं ही लक्षणं बहुतेकदा पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं आयडलिंगच्या पेट्रोलचं बारीक भोक, तुंबल्याची असतात. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घालून भोक मोठं करू नका. खाली ठीक पण वर ओढत नाही असं असेल तर कार्बोरेटरमधला रबरी पडदा (डायफ्रॅम) उजेडासमोर धरून सुईएवढं भोक शोधा.

बीएस४ मध्ये चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घुर्र ऐकू आली पाहिजे. आली नाही तर आधी किल स्विच, मग फ्यूज, मग बॅटरीची टर्मिनलं आणि शेवटी पंप, या क्रमाने बघा. गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर साईड स्टँडचा स्विच चिखलाने अडकला आहे का पाहा. पाण्याने धुऊन स्टँड दहा वेळा वर-खाली केलं की बहुधा सुटतो. बॅटरी रात्रभर उभी राहून १२.४ व्होल्टच्या खाली जात असेल तर बदला. इंजिन ४००० आरपीएमवर असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे आणि तो नवी बॅटरीही उकळवून टाकेल.

ब्रेक, क्लच वायर, चेन

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते पाणी शोषतं, घाटातल्या सततच्या ब्रेकिंगने ते पाणी उकळतं, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतो. मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं. लायनिंग दीड मिलिमीटरवर आलं असेल तर निघण्याआधीच पॅड बदला.

क्लच वायर लिव्हरपाशी तुटते, आणि त्याआधी एकेक तार सुटलेली दिसते. नवी वायर घ्या, पण डिकीत ठेवू नका. जुन्या वायरीच्या बाजूने तिच्याच मार्गाने ओढून झिपटायने बांधून ठेवा, दोन्ही टोकं प्लॅस्टिकने झाका. जुनी तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची, टाकी काढावी लागत नाही.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला बोटाने ओढा. निम्मा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर संपते. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा. तारेचा ब्रश ओ-रिंग कापतो आणि पेट्रोल त्या कडक करतं. वर ९० नंबरचं गिअर ऑइल, एरवी दर ५०० किलोमीटरला, किनाऱ्यावर रोज संध्याकाळी चेन गरम असताना. चेनचा सैलपणा गाडीवर माणूस आणि सामान असताना पुन्हा पाहा. मागचा शॉकअप दबला की चेन ताणली जाते, म्हणून रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टलाच ओढते.

पंक्चर

टायरच्या आत ट्यूब आहे, हे विसरून चालत नाही. पुढचं माप ९०/९०-२१, मागचं १२०/९०-१७. लहान गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब जवळपास नसतेच. हिरो एक्सपल्सचं पुढचं माप हेच असल्यामुळे ती ट्यूब चालते. एकच ट्यूब न्यायची असेल तर २१ इंचीच न्या. अडचणीत ती घडी सांभाळून मागच्या १७ इंची चाकात घालता येते आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश पोचता येतं. उलटं जमत नाही.

घरी एकदा दोन्ही चाकं स्वतः काढून बसवा. एक्सलला कोणता पाना लागतो, तो तुमच्या टूलकिटमध्ये आहे का, आणि तो नट तुमच्या जोराने सुटतो का, हे अंगणातच कळलं पाहिजे. टायर लिव्हर दोन पुरतात. कडेला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हपासून सुरुवात करा आणि समोरची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, म्हणजे या बाजूला सैल मिळते. टायर बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ठेवा. रिकामी ट्यूब लिव्हरखाली चिमटते आणि दुसरं पंक्चर तुम्हीच करता. रिमच्या आतली पट्टी फाटली असेल तर स्पोकची टोकं ट्यूबला खातात. पट्टी नवी लावा. स्पोक पान्याने हलके वाजवा. टण् वाजणाऱ्यांत एखादा थप्प वाजला तर तो ढिला.

निघाल्यावर

ही सगळी कामं प्रवासाच्या तीन आठवडे आधी संपवा. मग पूर्ण सामान लादून दोनशे किलोमीटरची फेरी मारा आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्ट तपासा. शेवटच्या आठवड्यात नवं काही बसवू नका.

जड सामान खाली आणि तुमच्या पाठीजवळ ठेवा, दोन्ही बाजूंना सारखं. कॅरियरच्या मागच्या टोकाला टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. सामान चढल्यावर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, दोन खाचा वाढवा आणि हेडलाइट खाली करा. हवा एकट्यासाठी पुढे २५, मागे ३२ पीएसआय. मातीवर हवा कमी करायचा सल्ला सगळेच देतात, पण सामान असताना जांभ्याच्या दगडी रस्त्यावर तो टाळा. टायर दबून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये सापडते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, मग श्रीवर्धन-हरिहरेश्वर, असा पहिला दिवस ठेवा. पुढे किनाऱ्याने खाड्या येतात. बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडी नेता येते. दुसऱ्या दिवशी दापोलीमार्गे गुहागर, तिसऱ्या दिवशी हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी, चौथ्या दिवशी पावस, जैतापूर, देवगड, मालवण. नकाशावर अंतर लहान दिसतं, पण वळणं, चढउतार आणि गावं धरली तर तासाला २५ ते ३० किलोमीटरच होतात. शेवटची जेट्टी किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून अंधारात जावं लागतं.

जेट्टीच्या लोखंडी तळावर पाणी असतं आणि साईड स्टँड सरकतो. पहिला गिअर टाका, पुढचा ब्रेक रबराच्या पट्टीने बांधा आणि गाडीजवळच उभे राहा.

पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण इथे मिळतं. ही गाडी साधारण ३० चा अॅव्हरेज देते, तरी बेत ३५० किलोमीटरचाच धरा. बीएस४ ची टाकी तर कधीच कोरडी होऊ देऊ नका, कारण पंप पेट्रोलातच थंड राहतो.

परतीला फोंडा घाटाने राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठता येतं. उतरणीला ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता तोच ठेवा आणि ब्रेक सोडून-सोडून मारा. पावसाळ्यात निघत असाल तर घाट सुरू आहे का ते आदल्या दिवशी तपासा. वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद असतो.

वाळूत गाडी घालू नका. खारं पाणी डिस्क, स्पोकच्या निपल आणि वायरिंगच्या जोडांमध्ये घुसतं आणि आठवड्यात हिरवा-पांढरा गंज येतो. किनाऱ्यावरच्या रस्त्याने आलेल्या गाडीलाही घरी पोचल्याच्या दिवशी गोड्या पाण्याची मंद धार द्या. इंजिनाच्या खालून, स्पोकमधून, रेडिएटरसारख्या दिसणाऱ्या ऑइल कूलरच्या जाळीतून धुवा, मग गाडी वीस मिनिटं चालवून वाळवा आणि चेनला पुन्हा ऑइल द्या.