पासवर्ड तगडा, पण ओटीपी कुणाच्या फोनवर?

गेल्या वर्षी भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला. पासवर्ड आठवेना म्हणून ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं, तर ओटीपी गेला घरात कुणाचाच नसलेल्या नंबरवर. शोधाशोध केल्यावर कळलं की पहिला अर्ज ज्या दुकानात भरला होता, तिथल्या मुलाचा तो नंबर. “दादा, बाहेर एवढी रांग, प्रत्येकाला ओटीपी कुठे विचारत बसू?” त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण भाचीचं खातं वर्षभर त्याच्या खिशात होतं.

आपण पासवर्डमध्ये कॅपिटल अक्षर, आकडा, ॲट-चिन्ह सगळं घालतो आणि खरी किल्ली, म्हणजे मोबाइल नंबर नि ईमेल, दुसऱ्याच्या हवाली करतो. दुकानात अर्ज भरा, काही हरकत नाही. फक्त ‘सबमिट’ करण्याआधी स्क्रीनवर नंबर आणि ईमेल स्वतः वाचा. दुकानदारानं नवा जीमेल काढून दिला असेल, तर घरी येऊन त्याचा पासवर्ड बदला आणि रिकव्हरी नंबर आपला टाका. पावतीमागे पेनानं लिहून दिलेला ‘नाव@१२३’ हा पासवर्ड त्या दिवशी दुकानात आलेल्या निम्म्या लोकांचा असतो.

जुनं सिम सोडताना

रिचार्ज संपला, नंबर सोडून दिला, विषय मिटला असं वाटतं. पण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याला जातात. सिम चालू आहे तोवरच बँक, आधार, जीमेल आणि व्हॉट्सॲपवर नवा नंबर लावून घ्या. नंतर प्रत्येक ठिकाणी हेलपाटे पडतात.

आधारची पीडीएफ

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून लोक ती बिनधास्त व्हॉट्सॲपवर पाठवतात. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव नि वय माहीत आहे, त्याला तो अंदाजानंही काढता येतो. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आणि तो त्याच साइटवर फुकट मिळतो.

गडबड झालीच असेल तर

दुकानातल्या संगणकावर जीमेल उघडं राहिलं, तर परत धावत जायची गरज नाही. आपल्या फोनवर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’ उघडा आणि ते यंत्र साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. इथे बहुतेक जण थांबतात, आणि तिथेच चुकतात. कुणी तुमच्या मेलला फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल, तर पासवर्ड बदलूनही प्रत्येक मेल त्याला जातच राहतो. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ दोन्ही बघा. फोनच्या ॲपमध्ये हे सापडणार नाही, संगणकावर उघडावं लागतं.

व्हॉट्सॲप दुसऱ्यानं बळकावलं, तर आपल्या फोनवर आपल्याच नंबरनं पुन्हा नोंदणी करा. एसएमएसचा सहा आकडी कोड टाकलात की बळकावणारा बाहेर पडतो. त्यानं टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर मागितला जाणारा जादा पिन, लावून ठेवला असेल, तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल. पण तोवर त्यालाही ते वापरता येत नाही. आज पाच मिनिटं काढून हा पिन आपणच लावलेला बरा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्येही एक नजर टाका. प्रिंट काढायला कधीतरी जोडलेला संगणक अजून तिथे दिसू शकतो.

पैसे गेले असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून भावाला विचारू, उद्या बँकेत जाऊ, असं करू नका.

परवा मी पॅनकार्डाची प्रिंट काढायला गेलो. फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली, प्रिंट हातात आली, मी लगेच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं. मग लक्षात आलं, संगणकावर उतरलेली फाइल त्यानं जात नाही. “डाउनलोड्समधूनही काढा ना,” म्हटलं. दुकानदारानं फोल्डर उघडला: आधार, मार्कशीट, भाडेकरार, कुणाचं तरी लग्नाचं बायोडेटा, खाली खाली संपेचना. माझी फाइल शोधून त्यानं उडवली.

“झालं?”

“रिसायकल बिन राहिला,” मी म्हटलं.