कर्नल आणि लॉगिनच्या मधलं काहीतरी: इनिटरॅमएफएस शिकताना

लिनक्स अ‍ॅडमिनच्या पहिल्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काय काय होतं? बायोस, ग्रब (कर्नल मेमरीत आणणारा बूटलोडर), कर्नल, सिस्टमडी (बाकी सेवा सुरू करणारा इनिट प्रोग्राम) ही साखळी सगळे घडाघडा म्हणून दाखवतात. मग कर्नलला रूट पार्टिशन (ज्यावर सगळी सिस्टम असते) सापडतं कसं, एवढंच विचारलं की शांतता. मी स्वतः मुलाखती घेतो तेव्हा इथेच थांबतो, कारण हे कळलेला माणूस रात्री दोनला बंद पडलेला सर्व्हर एकटा उठवू शकतो.

अडचण साधी आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर, लिब-मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये पडलेला. कपाटाची किल्ली कपाटातच. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच घालून टाका, असं कुणी म्हणेल. स्वतःच्या एका मशीनपुरतं ते चालतंही. पण जगातल्या यच्चयावत हार्डवेअरवर चालणाऱ्या डिस्ट्रोला ते परवडत नाही. शिवाय रूट एलव्हीएमवर (डिस्कचे लवचीक व्हॉल्यूम पाडणारी व्यवस्था) असेल किंवा लक्सने (लिनक्सची डिस्क-एन्क्रिप्शन पद्धत) एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर व्हॉल्यूम चालू करणं, पासवर्ड विचारणं ही कामं कर्नलची नव्हेतच. त्याला प्रोग्राम लागतात.

म्हणून ग्रब कर्नलसोबत आणखी एक फाइल मेमरीत आणून ठेवतो. हीच इनिटरॅमएफएस: कॉम्प्रेस केलेली सीपीआयओ अर्काइव्ह, म्हणजे फाइल्सचं एक गाठोडं. कर्नल ती मेमरीतच उलगडतो आणि तिच्यातला इनिट नावाचा प्रोग्राम पीआयडी 1, म्हणजे पहिली प्रोसेस म्हणून चालवतो. तो मॉड्यूल्स लोड करतो, डिस्क दिसायची वाट बघतो, खरं रूट माउंट करतो आणि स्विच-रूट करून (त्या खऱ्या रूटवर उडी मारून) स्वतःचा पसारा पुसत खऱ्या इनिटच्या हाती कारभार देतो. आधीची इनिटआरडी पद्धत म्हणजे मेमरीतली डिस्कच होती, त्यामुळे ती वाचायलाही कर्नलमध्ये फाइलसिस्टमचा ड्रायव्हर लागायचा. कर्नल 2.6 पासून सीपीआयओ आलं आणि ती कटकट संपली.

हे वाचून डोक्यात बसत नाही, करून बघा. एक शनिवार पुरतो. सी मध्ये एक ओळ छापून संपणारा प्रोग्राम लिहा, स्टॅटिक कंपाइल करा (नाहीतर लागणारी लिबसी ही सी ची लायब्ररी तिथे असणारच नाही), नाव द्या इनिट, एकट्याच फाइलची न्यूसी फॉरमॅटमध्ये सीपीआयओ करा आणि केमूला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) तुमच्या कर्नलसोबत द्या. मेमरी 512 एमबी तरी ठेवा. तुमची ओळ छापली जाते आणि लगेच कर्नल पॅनिक: 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. घाबरू नका, बरोबर झालंय. पीआयडी 1 संपला की कर्नल हात टेकतो. आता शेवटी न संपणारं लूप टाका, पॅनिक गायब. माझ्या मते अख्ख्या कोर्सपेक्षा हा पॅनिक जास्त शिकवतो.

नोकरीत हे कुठे भेटतं? आमच्या एका क्लायंटची सेंटओएस 7 ची मशीन व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर, म्हणजे एका व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत हलवली होती. डिस्कची कॉपी शाबूत, ग्रब येतो, आणि मग 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' अशा ओळींची रांग. शेवटी ड्रॅकटचं, म्हणजे सेंटओएसवर इनिटरॅमएफएसची इमेज बनवणाऱ्या साधनाचं शेल. टीममधल्या नव्या मुलाने डिस्क करप्ट झाल्याचं जाहीरही करून टाकलं. शेलमध्ये प्रॉकमधली पार्टिशन्सची यादी बघितली तर रिकामी. करप्ट डिस्क निदान दिसते तरी. इथे डिस्कच नव्हती, म्हणजे ड्रायव्हर नव्हता. ड्रॅकट तिथे मुळात होस्ट-ओन्ली चालतो: ज्या मशीनवर इमेज बनते तिच्यापुरतेच ड्रायव्हर भरतो. केव्हीएमच्या डिस्कला लागणारा व्हर्टिओ ड्रायव्हर जुन्या घरी लागतच नव्हता.

उपाय ग्रबच्या मेनूतच होता. तिथली रेस्क्यू एंट्री सगळे ड्रायव्हर असलेली इमेज वापरते. तिच्यातून बूट केलं, ड्रॅकटला फोर्स देऊन इमेज पुन्हा बनवली, रीबूट. फक्त कर्नलचं व्हर्जन स्वतः लिहून द्या. रेस्क्यूचा कर्नल इन्स्टॉलच्या वेळचा असतो; व्हर्जन न देता चालवलं तर चालू कर्नलची इमेज बनते आणि हवी ती तशीच राहते.

डेबियन-उबंटूवर हेच काम अपडेट-इनिटरॅमएफएस करतं, आर्चवर एमके-इनिटसीपीआयओ. उबंटूत नेहमी दिसणारी भानगड वेगळी: बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरतं, नवी इमेज अर्धवट लिहिली जाते. कर्नल अपडेटआधी डीएफने मोकळी जागा बघायची सवय लावा. आणि ड्रॅकटवाली मशीन हलवायची असेल तर आधी इमेजमधल्या फाइल्स दाखवणाऱ्या एलएस-इनिटआरडीच्या आउटपुटमध्ये व्हर्टिओ ग्रेप करून बघा. नसेल तर होस्ट-ओन्ली बंद ठेवून इमेज बनवा, मगच हलवा.