बडोद्याहून कॅनडाच्या पीआरचा अर्ज करताना

मे २०२३ मध्ये कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तेथील कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, दिलेल्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा माझा पहिला निकाल आला. लेखनाला ६.५ आणि श्रवण, वाचन, संभाषण या तिन्हींना हवे तेवढे किंवा त्याहून थोडे अधिक बँड होते. घरात सर्वांनी कौतुक केले आणि मलाही निकाल चांगलाच वाटला. रात्री मुलगा झोपल्यावर आम्ही दोघे आकडेमोड करायला बसलो, तेव्हा लेखनातील त्या अर्ध्या बँडपायी कॅनडाच्या निवडीच्या गुणांकनातले आमचे ५७ गुण गेले असल्याचे लक्षात आले. पुढची दोन वर्षे या प्रक्रियेत जे शिकले, त्याची सुरुवात त्या रात्रीपासून झाली. नात्यातील आणि प्रयोगशाळेतील धाकटी मंडळी अलीकडे याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे एम.एस्सी. रसायनशास्त्रात, येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून झाले. नंतर सहा वर्षे मी नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केले. माझे पती मेकॅनिकल इंजिनियर असून मकरपुऱ्यात नोकरी करतात. कॅनडाचा विचार घरात आला तो त्यांच्या नावाने. अर्ज ते करतील आणि मी व मुलगा त्यांच्यासोबत जाऊ, असे आम्ही सर्वांनीच कोणतीही चर्चा न करता गृहीत धरले होते.

पद्धत थोडक्यात अशी आहे. कॅनडाने स्थलांतरितांची निवड गुणांवर करण्यास १९६७ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल व्यक्तीला आधी शंभरपैकी ६७ गुणांची पात्रता पार करावी लागते. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२ आणि उरलेले गुण नोकरीचा प्रस्ताव व जुळवून घेण्याची क्षमता यांना असतात. ही पात्रता मिळाली की माहिती भरून यादीत नाव घालता येते. तेथे सीआरएस नावाचे वेगळे, १२०० पैकीचे गुणांकन लागू होते. ठरावीक काळाने फेऱ्या होतात आणि त्या फेरीच्या सीमारेषेइतके किंवा त्याहून अधिक गुण ज्यांचे असतील त्यांना अर्ज करण्याचे आमंत्रण मिळते. ६७ गुण आणि सीआरएस यांची गल्लत नवख्या माणसाकडून हमखास होते. पहिल्याने दार उघडते, परंतु आत बोलावणे येते ते दुसऱ्यावर.

आता त्या ५७ गुणांविषयी. इंग्रजीचे बँड सीएलबी नावाच्या पातळ्यांत मोजले जातात. सीएलबी ९ साठी आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत श्रवणात ८ आणि वाचन, लेखन व संभाषणात प्रत्येकी ७ लागतात. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला प्रत्येक कौशल्यात सीएलबी ९ ला २९ आणि सीएलबी ८ ला २२ गुण मिळतात, म्हणजे माझ्या ६.५ मुळे सरळ तोटा केवळ सातांचा होता. खरा फटका पुढच्या रकान्यात बसला. शिक्षण आणि भाषा एकत्र धरून, तसेच परदेशातील अनुभव आणि भाषा एकत्र धरून जे गुण मिळतात, ते चारही कौशल्यांत सीएलबी ९ असेल तरच पूर्ण मिळतात. पदव्युत्तर पदवीसह ५० आणि तीन वर्षांच्या अनुभवासह ५०, असे ते शंभर. एकाही कौशल्यात पातळी घसरली की दोन्ही ठिकाणी ५० चे २५ होतात. यासाठी माझा पहिला सल्ला असा आहे की एकूण बँड किती आले हे पाहूच नये. चारांपैकी सर्वांत अशक्त कौशल्य कोणते, ते पाहावे आणि सगळी मेहनत तेथे घालावी. मी सात आठवडे रोज पहाटे एक पत्र आणि एक निबंध वेळ लावून लिहिला, विद्यापीठातील माझ्या एका जुन्या बाईंकडून तो तपासून घेतला आणि जुलैमध्ये पुन्हा परीक्षा दिली. लेखनात ७ आले.

त्याच सुमारास आम्ही दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला आणि घरातले गृहीतक मोडले. माझे वय तेव्हा ३१ होते, त्याचे ९० गुण. पदव्युत्तर पदवीचे १२६, इंग्रजीचे ११६, पतींच्या पदवीचे ८ आणि त्यांच्या इंग्रजीचे २०, शिवाय वर सांगितलेले शंभर, अशी बेरीज ४६० झाली. तेच त्यांना प्रमुख अर्जदार धरले, तर वय ३४ म्हणून ७५, पदवीचे ११२, इंग्रजीचे ११६, माझ्या पदवीचे १०, माझ्या इंग्रजीचे २० आणि जोडगुणांत केवळ ७५, म्हणजे ४०८. बावन्न गुणांचे हे अंतर कोणत्याही शिकवणीने भरून निघणारे नव्हते. प्रमुख अर्जदार मी व्हावे हे पतींनी त्याच क्षणी मान्य केले. सासूबाईंना मात्र काही दिवस वाटत होते की यात मुलाचा कमीपणा आहे. त्यांना आम्ही तो कागद समोर ठेवूनच समजावले. विवाहित अर्जदारांनी हा हिशेब दोघांच्या नावाने करावाच, कारण पीआर मिळाल्यावर दोघांचे हक्क समान असतात.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ नावाने खाल्ला. माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम आहे आणि तेही माहेरचे आडनाव. पारपत्रावर सासरचे आडनाव व पतींचे नाव. आपल्याकडे यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, परंतु कॅनडातील अधिकाऱ्याला त्या दोन भिन्न स्त्रिया वाटू शकतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मी सुरुवातीलाच करून घेतले आणि पदवीच्या मूल्यांकनापासून (आपली पदवी कॅनडातील कोणत्या पदवीच्या तोडीची ते ठरवण्यापासून) शेवटच्या अर्जापर्यंत सर्वत्र जोडले. माझा जन्मदाखला गुजरातीत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्रही करावे लागले. पदवीचे मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडूनच व्हावे लागते आणि त्यासाठी विद्यापीठाने साक्षांकित गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात द्याव्या लागतात. हा अहवाल पाच वर्षे ग्राह्य असल्याने तो सर्वांत आधी करून घ्यावा. त्यात घाई केल्याने काही बिघडत नाही.

अनुभवाच्या पत्राबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण येथे चुकलेले अर्ज मी जवळून पाहिले आहेत. कॅनडात प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी एनओसी क्रमांक असतो आणि त्यातील दुसरा अंक त्या कामाची टीअर श्रेणी, म्हणजे त्याला किती शिक्षण-प्रशिक्षण लागते ते, सांगतो. कुशल कामगार म्हणून अर्ज करण्यासाठी ती ० ते ३ यांपैकी असावी लागते. ही पद्धत एक्स्प्रेस एंट्रीत १६ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचे चार अंकी क्रमांक कुणी सांगितले तर ते जुने समजावेत. माझ्या नेमणूकपत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी कंट्रोल’ असे पद होते. त्या पदनामावरून काहीच ठरत नाही. प्रत्यक्ष कामावरून ठरते. केवळ ठरलेल्या कृतीने नमुने तपासणाऱ्याचे काम २२१०० या तंत्रज्ञांच्या क्रमांकाकडे झुकते, तर विश्लेषणाच्या पद्धती विकसित करून त्या प्रमाणित करणारी व्यक्ती २११०१ म्हणजे केमिस्टमध्ये मोडते. माझे काम दुसऱ्या प्रकारचे होते आणि ते तसे होते हे पत्रात दिसणे आवश्यक होते.

त्या पत्रात पद, कामाचा कालावधी, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन व इतर लाभ, आणि मुख्य जबाबदाऱ्या एवढे सर्व कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह यावे लागते. माझ्या चालू कंपनीने ते दिले. पतींच्या आधीच्या कंपनीने मात्र दोन ओळींच्या सेवा प्रमाणपत्रापलीकडे काहीही देण्यास नकार दिला. आम्ही त्यांच्याकडे पाच वेळा गेलो. शेवटी पतींच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र दिले आणि त्याला नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, फॉर्म १६ व भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक जोडून, पत्र का मिळू शकले नाही याचे स्पष्टीकरण आम्ही लिहिले. प्रमुख अर्जदार मी असल्याने त्यांच्या अनुभवाला गुण नव्हते, तरी दिलेली माहिती सिद्ध करता यावी म्हणून ते कागद आम्ही तयार ठेवले. जबाबदाऱ्या एनओसीच्या वर्णनातून जशाच्या तशा उतरवून काढू नयेत. आपले काम आपल्या शब्दांत लिहावे, मग ते त्या वर्णनाशी जुळते का ते पाहावे.

यानंतर खरी अडचण उभी राहिली. ४६० गुण हातात होते, परंतु २०२४ च्या सर्वसाधारण फेऱ्यांची सीमारेषा ५२० च्या वर होती. एका सल्लागाराने पैसे घेऊन नोकरीचा प्रस्ताव ‘करून देतो’ असे सुचवले. आम्ही तेथून उठून आलो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे अर्जाला बंदी येते आणि नोकरीच्या प्रस्तावाचे सीआरएस गुण तर २५ मार्च २०२५ पासून रद्दच झाले. सल्ला घ्यायचाच असेल तर तो कॅनडातील परवानाधारक सल्लागाराचा किंवा वकिलाचा घ्यावा आणि परवाना क्रमांक त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत स्वतः पडताळावा. यादीत नाव घालण्यास कोणतेही शुल्क नसते, हेही येथे सांगून ठेवते, कारण त्यासाठी पैसे भरलेली माणसे मला भेटली आहेत.

प्रांताने नामांकन दिल्यास ६०० गुण मिळतात, परंतु त्यांचे निकष प्रांतागणिक वेगळे असतात आणि माझ्या व्यवसायासाठी तेव्हा कुठे वाव दिसत नव्हता. मी फ्रेंचचा मार्ग घेतला. २०२३ पासून विशिष्ट गटांसाठी वेगळ्या फेऱ्या होऊ लागल्या आणि त्यांत फ्रेंच जाणणाऱ्यांचा एक गट आहे. चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (फ्रेंचसाठी सीएलबीसारखेच माप), म्हणजे युरोपीय मापनातील साधारण बी२ पातळी, गाठली तर त्या गटात प्रवेश मिळतो, शिवाय ५० अधिक गुण आणि दुसऱ्या भाषेचे १२. ऑगस्ट २०२३ पासून मी दररोज दीड तास अभ्यास केला, ऑनलाइन शिकवणी लावली आणि नंदेसरीच्या बसमध्ये जाता-येता श्रवणाचा सराव केला. मराठी येणाऱ्याला नामांच्या लिंगाची कल्पना नवी नसते, पण कोणत्या नामाचे लिंग कोणते हे पाठच करावे लागते. हा मार्ग सोपा आहे असे मी कुणालाही सांगणार नाही. दीड वर्ष लागले आणि मुलाच्या शाळेचे बरेच कार्यक्रम हुकले. जानेवारी २०२५ मध्ये टेफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली आणि हवी ती पातळी मिळाली. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की एक्स्प्रेस एंट्री क्वेबेकसाठी नाही. फ्रेंच येत असली तरी त्या प्रांताबाहेर राहण्याचा हेतू असावा लागतो.

तोवर माझे वय एका वर्षाने वाढून पाच गुण कमी झाले होते, म्हणजे एकूण ५१७. भाषेचे निकाल दोनच वर्षे टिकतात आणि पतींचा आयईएलटीएसचा निकाल मे २०२५ मध्ये संपणार होता. आमंत्रण केव्हा येईल ते हातात नसल्यामुळे त्यांनी जानेवारीतच पुन्हा परीक्षा दिली. प्रत्येक कागदाची मुदत संपण्याची तारीख लिहिलेली एक वही आम्ही ठेवली होती आणि कोणत्याही महिन्यात आमंत्रण आले तरी अर्ज भरण्यासाठी मिळणारे पुढचे साठ दिवस सर्व कागद ग्राह्य राहतील, असे पाहत होतो. मार्चमध्ये फ्रेंच गटाच्या फेरीत आमंत्रण आले. त्या महिन्यात या गटाची एक सीमारेषा ३७९ इतकी खाली आली होती.

साठ दिवस कमी पडतात ते पैशांच्या पुराव्यासाठी. तेव्हा तिघांच्या कुटुंबाला २२,४८३ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत आणि ही रक्कम दर वर्षी बदलते. बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही लागते, त्यामुळे आमंत्रणानंतर जमवाजमव करून भागत नाही. सासरे म्हणाले, “दांडिया बाजारच्या वाड्यातला आपला हिस्सा दाखवा की.” परंतु स्थावर मालमत्ता यात धरत नाहीत आणि कर्जाऊ पैसाही चालत नाही. त्यांनी स्वतःच्या ठेवीतून काही रक्कम आम्हाला दिली होती. तिचे बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा आम्ही जोडला.

पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळाले. शुल्क प्रौढ व्यक्तीस १,५२५ डॉलर, मुलास २६० आणि आम्हा दोघांच्या बायोमेट्रिक्सचे मिळून १७० असे होते. बायोमेट्रिक्ससाठी अहमदाबादला एक खेप झाली. वैद्यकीय तपासणी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आमच्या वेळी ती अर्जानंतर सांगत, आता २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज भरण्याआधीच करावी लागते, म्हणून साठ दिवसांच्या हिशेबात तिचेही दिवस धरावेत.

मंजुरी आली आहे. मुलाची परीक्षा संपली की आम्ही निघू. पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहिल्यास पीआर टिकतो, हे सासूबाईंनी मला दोनदा विचारून घेतले आणि उरलेल्या दिवसांत बडोद्याला किती वेळा येता येईल, याचा हिशेब त्यांनी आता माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आहे.