जुन्या क्रॅग रायफलची काडतुसं भरताना प्राइमर बदलताय?

अमेरिकन लष्कराने १८९२ मध्ये स्वीकारलेल्या क्रॅग रायफली पुढे लाकूडकाम छाटून शिकारीसाठी वापरात आल्या आणि आजही वापरात आहेत. प्राइमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीच्या) टंचाईत ‘लार्ज रायफल, म्हणजे मोठ्या मापाचा रायफल प्राइमर, तर आहे ना, मग कुठलाही चालेल’ असं म्हणून भरायला बसू नका. क्रॅगचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) पुढे एकाच लगवर, म्हणजे अडकवणाऱ्या खुंटीवर, अडतो. नव्या रायफलीत खपून जाणारा जादा दाब इथे खपत नाही.

मॅग्नम प्राइमरची आग जास्त, त्यामुळे दारू तेवढीच ठेवली तरी दाब वाढू शकतो. साध्या प्राइमरमध्येही कंपनीगणिक फरक पडतो. म्हणून प्राइमर बदलला की दारूचं जुनं माप विसरा, काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर परत या आणि तिथून थोडं थोडं वर चढा. चपटा झालेला प्राइमर पाहून थांबू, या भरवशावर तर अजिबात राहू नका. ही खूण दिसेपर्यंत क्रॅगची मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते.

लार्ज पिस्तूल प्राइमरचा व्यास तोच, ०.२१० इंच, पण उंची कमी आणि कप (प्राइमरचं धातूचं कवच) पातळ. तो रायफलीत नकोच.

उलट, जाड कपाचा प्राइमर प्राइमरवर आपटणाऱ्या पिनच्या थकलेल्या स्प्रिंगला कधी कधी फुटतच नाही. तसं झालं तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि प्रत्येक डब्यावर प्राइमरचं नाव नि लॉट नंबर लिहाच.